अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील कलनशास्त्राचे अध्ययन : मुदखेड-नांदेड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे तालुक्याचे गाव रेल्वे जंक्शन म्हणून परिचित आहे. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या मार्गाला आदिलाबादचा फाटा येथेच फुटतो. या परिसरातून अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वीस-पंचवीस किलोमीटरवरील नांदेड हे जवळचे केंद्र होय. नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथे १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली आणि या भागातील ग्रामीण मुलांना तंत्रशिक्षणाचा मार्ग खुला झाला.

बारावीला गणितात उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी प्रथम सत्राच्या 'अभियांत्रिकी गणित' या विषयात अडखळतो, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नावर किंवा शैक्षणिक कर्जावर मुलाला शिकविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मागे राहिलेला एक विषय ही केवळ गुणपत्रिकेतील नोंद नसते. 'पाया कच्चा आहे' असे या अडचणीचे निदान सहसा केले जाते. वस्तुतः अशा विद्यार्थ्याची आकडेमोड पक्की असते. त्या आकडेमोडीचा अर्थ मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करणे आणि परिसरातील परिचित राशींच्या आधारे तीवर उपाय सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) बारावी ते प्रथम वर्ष : अंतर कोठे पडते?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावीच्या अभ्यासक्रमात फल, सीमा, सांतत्य व विकलन यांचा परिचय होतो. बारावीला विकलनाचे उपयोग, संकलन आणि विकलक समीकरणे येतात. म्हणजे प्रथम वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याने कलनशास्त्र दोन वर्षे हाताळलेले असते. परंतु ही दोन वर्षे बहुधा प्रवेश परीक्षेच्या छायेत जातात. एमएचटी-सीईटी परीक्षेच्या गणिताच्या भागात ९० मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात. एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. अशा वेळी सूत्र ओळखणे व पर्याय निवडणे हेच कौशल्य ठरते. मराठवाड्यात रुजलेल्या भरपूर सरावाच्या पद्धतीने असंख्य विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमापर्यंत पोहोचविले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि सरावाने आलेला वेग हा आकलनाचा पर्याय होऊ शकत नाही.

प्रथम वर्षात एका चलाऐवजी दोन-तीन चले येतात. आंशिक विकलनात कोणते चल स्थिर धरावयाचे व का, हे ठरवावे लागते. द्विसंकलनात संकलनाचा क्रम बदलताना क्षेत्राची आकृती काढल्याशिवाय मर्यादा सापडत नाहीत. येथे पाठ केलेले सूत्र हात देत नाही. 'विकलज म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर ज्याला केवळ 'घातांक पुढे घ्यावा व एकने कमी करावा' असे ठाऊक आहे, तो याच टप्प्यावर थांबतो.

२) सीमेविषयीची शंका

मुदखेड स्थानकातून सुटणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. पहिल्या काही सेकंदांत तिने कापलेले अंतर, मीटरमध्ये, 'सेकंदांच्या वर्गाची ०.१ पट' असते असे मानू. २० सेकंदांनंतर गाडी ४० मीटर पुढे गेलेली असेल. नेमक्या त्या क्षणी तिचा वेग किती? विसाव्या ते एकविसाव्या सेकंदातील सरासरी वेग ४.१ मीटर प्रति सेकंद येतो. कालावधी ०.१ सेकंद घेतल्यास तो ४.०१ आणि ०.०१ सेकंद घेतल्यास ४.००१ येतो. कालावधी जसजसा लहान होतो तसतसा सरासरी वेग ४ च्या जवळ जातो. हा ४ म्हणजेच त्या क्षणीचा वेग, अर्थात ताशी १४.४ किलोमीटर.

येथे विचारी विद्यार्थी विचारतो : कालावधी शून्य घेतला तर शून्य भागिले शून्य होते, मग उत्तर ४ कसे? ही शंका अज्ञानाची नाही. लायब्निझचा विकलनावरील पहिला निबंध १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाहीशा होणाऱ्या राशींवर बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. सीमेच्या संकल्पनेवर आधारलेली पद्धतशीर मांडणी कोशी यांच्या १८२१ मधील ग्रंथात झाली आणि पुढे वायरस्ट्रास यांनी तिला काटेकोर रूप दिले. जे समजण्यास यूरोपातील गणितज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला, ते विद्यार्थ्यास एका तासिकेत पटावे ही अपेक्षा अवाजवी होय. कालावधी शून्य 'घ्यावयाचा' नसून शून्याकडे 'न्यावयाचा' असतो, हा भेद वरीलप्रमाणे आकडे मांडूनच मनावर ठसतो.

३) क्युसेक व दलघमी : परिसरातील कलनशास्त्र

गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प याच परिसरात आहे. पावसाळ्यात पाण्याची आवक व विसर्ग 'क्युसेक'मध्ये आणि साठा 'दलघमी'मध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये, वृत्तपत्रांतून दिला जातो. क्युसेक हा दर आहे, तर दलघमी हा संचय. दर आणि संचय यांचे नाते हाच कलनशास्त्राचा गाभा असल्याने वृत्तपत्र वाचणाऱ्या शेतकरी कुटुंबातील मुलास विषयाचा अर्धा भाग आधीच परिचित असतो.

समजा, १०,००० क्युसेकने पाणी सलग २४ तास येत राहिले आणि विसर्ग मुळीच नाही. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ घनमीटर. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणल्यास साठ्यात सुमारे २४.५ दलघमी भर पडते. आवक स्थिर असेल तर साधा गुणाकार पुरतो. ती क्षणोक्षणी बदलत असेल तर लहान-लहान कालखंडांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी लागते. संकलन ते हेच.

संकलनानंतर लिहावयाचा स्थिरांक विद्यार्थी हमखास विसरतात, कारण तो त्यांना निरर्थक वाटतो. परंतु केवळ आवक-विसर्ग ठाऊक असल्याने धरणात एकूण पाणी किती हे सांगता येत नाही. आरंभीचा साठाही माहीत असावा लागतो. तो आरंभीचा साठाच स्थिरांकाचे काम करतो.

आकलन तपासण्यासाठी आणखी एक प्रश्न उपयुक्त ठरेल. आवक २०,००० क्युसेकवरून १२,००० वर उतरली आणि विसर्ग ८,००० क्युसेक राहिला, तर साठा कमी होऊ लागला काय? 'आवक घटली' हे शब्द ऐकून अनेकांना उत्तर होकारार्थी वाटते. प्रत्यक्षात साठा वाढतच असतो. केवळ वाढीचा वेग मंदावलेला असतो. आवक व विसर्ग समान होतात आणि त्यानंतर विसर्ग अधिक होतो, तो क्षण महत्तम साठ्याचा. महत्तम मूल्याच्या ठिकाणी विकलज शून्य का, याचे उत्तर येथे सूत्राविना मिळते.

४) परिभाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गणित इंग्रजीतून शिकतो. 'लिमिट' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ ओलांडू नये अशी मर्यादा. त्यामुळे फलाचे मूल्य सीमेपर्यंत कधीच पोहोचत नाही असा गैरसमज होतो. मराठी 'सीमा' शब्दानेही तो टळत नाही; तो शिक्षकानेच दूर केला पाहिजे. 'संकलन' हा शब्द मात्र गोळा करण्याची क्रिया थेट सुचवितो.

मराठीला हा विषय परका नाही. १८४६ मध्ये निवर्तलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी या विषयावर 'शून्यलब्धि' या नावाने मराठीत लेखन केले होते. लब्धि म्हणजे भागाकाराचे फळ. शून्याकडे जाणाऱ्या राशींचा भागाकार या शब्दातच सूचित होतो. त्याहीपूर्वी भास्कराचार्यांनी ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता आणि बापूदेव शास्त्रींनी १८५८ मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास अनुमती दिली आहे. तरीही ज्या वर्गांचे माध्यम इंग्रजी आहे, तेथेही संकल्पना मराठीतून व मांडणी इंग्रजीतून, असा द्वैभाषिक मार्ग अवलंबिता येईल.

५) अध्यापनासाठी काही सूचना

पहिल्या दोन आठवड्यांत नवे सूत्र न देता दर, संचय व सीमा यांवर आकड्यांची उदाहरणे घ्यावीत. प्रत्येक उत्तरास एकक लिहिण्याचा आग्रह धरावा. एकक चुकले की दर व संचय यांतील गोंधळ तत्काळ उघड होतो. द्विसंकलनाच्या उदाहरणात आकृतीस स्वतंत्र गुण द्यावेत. विद्युत परिपथ व यामिकी शिकविणाऱ्या सहकाऱ्यांशी समन्वय साधावा, कारण विद्युत प्रवाह हा प्रभाराच्या बदलाचा दर आणि त्वरण हा वेगाच्या बदलाचा दर आहे. पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रथम वर्षाचे गणित सुटलेले असते. त्यांच्यासाठी हीच उदाहरणे पूरक वर्गात घेता येतील.

समारोप :

ग्रामीण विद्यार्थ्याची कलनशास्त्रातील अडचण बुद्धीची नाही. ती चिन्ह व अर्थ यांची फारकत झाल्याची आहे. ही फारकत बारावीपर्यंतच्या परीक्षापद्धतीने निर्माण केली असली, तरी ती मिटविण्याची संधी प्रथम वर्षाच्या शिक्षकाकडे असते. गाडीचा वेग आणि धरणातील साठा विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. त्यांच्यापासून सुरुवात केल्यास अभ्यासक्रमातील एकही घटक वगळावा लागत नाही. केवळ सूत्राच्या आधी अर्थ, हा क्रम सांभाळावा लागतो.