चोर सोडून संन्याशाला फाशी: फ्लाइट सिम्युलेटर क्रॅश झाला की दोष कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर.

समजा, तुम्ही पुण्याहून विमान काढलंय आणि गोव्यात मोपाला उतरायचंय. चाकं खाली, धावपट्टी समोर, आणि अचानक स्क्रीनवर तुमचा डेस्कटॉप. ना एरर, ना मेसेज. सिम्युलेटरवाले याला सीटीडी म्हणतात, म्हणजे क्रॅश टू डेस्कटॉप.

मग बहुतेक जण काय करतात? शेवटी जो ॲड-ऑन टाकला होता, त्याच्या पानावर जाऊन एक स्टार देतात. नंतर अख्खा सिम्युलेटर उडवून परत टाकतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० साठी कंपनीनेच १५० जीबी जागा सांगितलेली आहे. हॉस्टेलच्या वायफायवर एवढं परत उतरवायचं, त्यात जुनेच ॲड-ऑन भरायचे, आणि पुन्हा तोच क्रॅश! आज आपण अंदाज बाजूला ठेवून पुरावा बघू.

आधी ॲड-ऑन समजून घेऊ

ॲड-ऑन ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला सीनरी, म्हणजे विमानतळ, इमारती वगैरे. २०२० साली हा सिम्युलेटर आला तेव्हा मोपा सुरूच झालेलं नव्हतं, ते सुरू झालं २०२३ च्या जानेवारीत. अशा जागांसाठी लोक ॲड-ऑन शोधतात. सीनरीत मुख्यतः डेटा असतो, तो वाचतो सिम्युलेटर. दुसरा प्रकार विमानं. यांच्यात डेटा असतोच, शिवाय कॉकपिटची यंत्रणा चालवणारा कोडही असतो. तिसरा प्रकार बाहेरून चालणारे प्रोग्रॅम. ते सिमकनेक्ट नावाच्या दारातून सिम्युलेटरशी बोलतात.

पहिले दोन सिम्युलेटरच्या घरातच राहतात. त्यांच्यातल्या एकाने गडबड केली की अख्खं घर खाली येऊ शकतं. बाहेरचा प्रोग्रॅम मात्र कित्येकदा एकटाच बंद पडतो आणि विमान उडत राहतं.

पंचनामा कुठे मिळतो?

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा, इव्हेंट आयडी १०००. तिथे दोन गोष्टी बघायच्या: फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव आणि एक्सेप्शन कोड. कोड बरेचदा शून्य-एक्स-सी, पुढे सहा शून्यं आणि शेवटी ५ असा दिसतो. त्याचा अर्थ, जी मेमरी वापरायला परवानगी नाही तिथे कुणीतरी हात घातला.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथेच आहे. फॉल्टिंग मॉड्यूल म्हणजे गुन्हेगार नव्हे. मुडदा कुठे सापडला, एवढंच ते नाव सांगतं. सीनरीच्या फाइलमध्ये चुकीचा डेटा असेल, तर तो वाचताना पडतो सिम्युलेटर, आणि नोंदीत नाव येतं सिम्युलेटरचं. एखाद्या कोडने मेमरीत भलतंच काही लिहून ठेवलं, तर दहा मिनिटांनी दुसराच कुणीतरी त्यात अडखळतो. मग विंडोजच्या एनटीडीएलएलचं नाव येतं, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरचं. नाव वाचून निकाल दिला की चोर सुटतो आणि संन्याशाला फाशी होते.

मग चोर सापडतो कसा?

पायरी पहिली: क्रॅश मुद्दाम परत घडवा. तेच विमान, तीच जागा, तेच हवामान. लाइव्ह हवामान बंद ठेवा, ते दर वेळी बदलतं. पुण्याहून निघायची गरज नाही, थेट मोपाच्या अप्रोचवर सुरुवात करा. एकाच जागी पडत असेल तर संशय सीनरीवर. एकाच विमानात पडत असेल तर विमानावर. कुठेही, पण तासा-दोन तासांनीच पडत असेल, तर मेमरी आणि तापमान बघा.

पायरी दुसरी: कम्युनिटी फोल्डर रिकामं करा. काही डिलीट करायचं नाही. जुन्या फोल्डरचं नाव बदला आणि त्याच जागी त्याच नावाचं रिकामं फोल्डर ठेवा. सिम्युलेटरच्या मार्केटप्लेसमधून घेतलेले ॲड-ऑन या फोल्डरमध्ये नसतात, ते कंटेंट मॅनेजरमधून वेगळे काढावे लागतात. बाहेरचे प्रोग्रॅमही बंद ठेवा. आता सिम्युलेटरसोबत आलेलं विमान घेऊन तीच चाचणी करा. तरीही पडला? मग कम्युनिटीतले ॲड-ऑन निर्दोष. ओव्हरक्लॉकिंग काढा, ड्रायव्हर बघा, रोलिंग कॅशे पुसा.

पायरी तिसरी: नाही पडला, तर निम्मे-निम्मे करा. समजा ६४ ॲड-ऑन आहेत. ३२ परत ठेवा आणि चाचणी करा. पडला तर चोर या ३२ मध्ये, नाही पडला तर उरलेल्या ३२ मध्ये. मग १६, ८, ४, २, १. एकेक तपासत बसलात तर ६३ फेऱ्या लागू शकतात, इथे ६ मध्ये काम होतं. आम्ही इंजिनिअर लोक याला बायनरी सर्च म्हणतो. दोन पथ्यं मात्र पाळा. विमान आणि त्याच्या रंगसंगतीचे पॅक एकत्रच हलवा, लायब्ररी आणि तिच्यावर अवलंबून असलेली सीनरीही एकत्रच. आणि दर फेरीची नोंद फोनवर करा, आठवणीवर विसंबू नका.

कधी कधी दोन्ही अर्धे वेगवेगळे छान चालतात आणि एकत्र आले की पडतात. म्हणजे भांडण दोघांचं आहे. उदाहरणार्थ, एकाच विमानतळाच्या दोन सीनरी. अशा वेळी एक अर्धा पूर्ण ठेवा आणि दुसरा निम्मा-निम्मा करत जा. एक सापडला की तो ठेवून पहिल्या अर्ध्याची तशीच छाटणी करा.

एक्स-प्लेनवाल्यांचं काम थोडं सोपं आहे. मुख्य फोल्डरमध्ये लॉग डॉट टीएक्सटी असते. तिच्या शेवटी पुष्कळदा कोणत्या प्लगिनमुळे पडलं ते थेट लिहिलेलं असतं. तरी तो प्लगिन काढून एकदा खात्री करा.

चोर सापडल्यावर

आधी नवी आवृत्ती आली आहे का बघा. सिम्युलेटरचं मोठं अपडेट आलं की जुने ॲड-ऑन मोडू शकतात, म्हणूनच अपडेटआधी कम्युनिटी रिकामं करायचा सल्ला दिला जातो. नवी आवृत्ती नसेल तर बनवणाऱ्याला कळवा. त्यात सिम्युलेटरची आवृत्ती, ॲड-ऑनची आवृत्ती, इव्हेंट व्ह्यूअरची नोंद आणि क्रॅश परत घडवायच्या पायऱ्या द्या. 'चालत नाही भाऊ' एवढंच लिहिलंत तर तो बिचारा काय दुरुस्त करणार?

कितीतरी ॲड-ऑन फुकट असतात. नोकरी सांभाळून, रात्री जागून कुणीतरी ते बनवलेले असतात. चुकीच्या माणसाला दिलेला एक स्टार तसाच राहतो, आणि एखादा कंटाळून पुढचं अपडेटच काढत नाही. नुकसान आपलंच. त्यामुळे स्टार देण्याआधी त्या सहा फेऱ्या मारा.

तुमचा क्रॅश कुठे अडकलाय ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!