ब्लूबेरीची नैसर्गिक शेती

ब्लूबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील फळझुडूप आहे. एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथे रानझुडपांच्या निवडीतून व संकरातून त्याच्या लागवडीचा पाया घातला. तेथील पहिले व्यापारी पीक १९१६ मध्ये विक्रीस गेले.

जमीन व मशागत

या झुडपास ४.५ ते ५.५ सामूची, निचऱ्याची आम्ल जमीन मानवते. त्याच्या उथळ मुळांना मूलरोम नसतात. अन्नशोषणात सहजीवी बुरशी साहाय्य करते. म्हणून नैसर्गिक पद्धतीत मुळांलगत खोल खुरपणी टाळून लाकडाच्या भुशाचे किंवा पाइनच्या पानांचे आच्छादन घालतात. राख व चुना आम्लता घटवत असल्याने वर्ज्य मानतात.

तोडणी

एकाच घोसातील फळे एकाच वेळी पिकत नाहीत. देठाजवळ तांबूस छटा असलेले फळ आंबट असते आणि तोडल्यानंतर त्यातील साखर वाढत नाही. त्यामुळे लहान कौटुंबिक शेतांवर कमरेला बादली बांधून केवळ पक्व फळे अंगठ्याने हलकेच सुटी करतात व साधारणतः आठवड्याने त्याच झुडपाची पुन्हा तोडणी करतात. फळावरील मेणाचा पांढुरका थर टिकावा म्हणून हाताळणी कमीत कमी ठेवतात. यंत्रामुळे मजुरी वाचते. मात्र कच्ची फळेही झडतात आणि पक्व फळांना मार लागून ती लवकर नासतात.