पुसले, पण गेले नाही!

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरी काहीतरी हरवतेच. कुणाचा चांदीचा चमचा रद्दीबरोबर जातो, तर कुणाची विम्याची पावती. गेल्या वर्षी आमच्या घरी जे हरवले, ते मात्र माळ्यावर किंवा पलंगाखाली सापडण्यासारखे नव्हते.

आमचा संगणक फार मंद झाला होता. सुट्टीला आलेला पुतण्या म्हणाला, "काका, तासाभरात नवा करून देतो!" आणि खरोखरच तासाभरात त्याने तो लखलखीत करून दिला. वर दोन चित्रपटही चढवून ठेवले. संध्याकाळी सौभाग्यवतींनी सहज विचारले, "अहो, सासूबाईंच्या ओव्या कुठे आहेत?"

आमच्या डिस्कचे दोन विभाग होते. 'सी'मध्ये यंत्राचा कारभार आणि 'डी'मध्ये आमचा संसार: मुलांचे फोटो, घराची कागदपत्रे, आणि २००९ साली, म्हणजे आई जाण्याच्या आदल्या वर्षी, तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या बावीस ओव्या. पुतण्याने दोन्ही विभाग पुसून एकच केला होता. डिस्क रिकामी दिसत होती. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

एका जाणत्या स्नेह्याला फोन केला. त्यांचे पहिले वाक्य होते, "आधी संगणक बंद करा. आता त्याला हात लावू नका!"

सातबारा जळाला, शेत नव्हे

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घराला ठाऊक असावे असे आहे. समजा, चावडीतले दप्तर जळाले. म्हणून शेत नाहीसे होते काय? बांध असतात, हद्दीचे दगड असतात. मोजणीदार ते दगड शोधून पुन्हा नकाशा काढतो. डिस्कचेही तसेच आहे. १९८३ सालापासून आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत चालत आलेल्या पद्धतीत, ५१२ बाइटांच्या अगदी पहिल्या तुकड्यात विभागांचा तक्ता असतो. चार विभागांच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. सारे मिळून ६४ बाइट! विभाग 'पुसला' म्हणजे बहुधा एवढी नोंद पुसली. पुढे आलेल्या 'जीपीटी' पद्धतीत तर या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

एकेक फाइल पुसली तरी साधारण हाच प्रकार. जुन्या 'फॅट' पद्धतीत फाइलच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलते आणि तिची जागा 'मोकळी' म्हणून जाहीर होते. मजकूर जागच्या जागी राहतो. खरा नाश होतो तो त्या मोकळ्या जागेवर दुसरे काही लिहिले जाते तेव्हा. शेतावर दुसऱ्याने नांगर फिरवला की मग बांध कुठला आणि दगड कुठला!

मोजणीदार कामाला लागतो

स्नेह्यांनी प्रथम आमच्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर तंतोतंत नक्कल घेतली, कारण प्रयोग करायचे ते नकलेवर, मुळावर कधीच नाही. मग 'टेस्टडिस्क' नावाचा, फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने तो लिहिला आहे. तो साऱ्या डिस्कवरून फिरून जुन्या विभागांच्या खुणा, म्हणजे आपले हद्दीचे दगड, शोधतो. 'एनटीएफएस' पद्धतीत विभागाच्या आरंभीच्या तुकड्याची प्रत विभागाच्या शेवटीही असते, म्हणून एक दगड हलला तरी दुसरा साक्ष देतो. काही तासांनी पडद्यावर जुना 'डी' विभाग उमटला, फाइलींच्या नावांसकट!

नावेही सापडली नाहीत, तर त्याच लेखकाचा 'फोटोरेक' हा भाऊ मदतीला येतो. तो फाइली नावाने नव्हे, तोंडवळ्याने ओळखतो. उदाहरणार्थ, प्रत्येक जेपेग चित्राचा आरंभ 'एफएफ डी८ एफएफ' या ठराविक खुणेने होतो. मात्र सापडलेल्या फाइलींची मूळ नावे मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली फाइल पुष्कळदा अर्धवटच हाती येते.

ही विद्या किती दूरवर जाते, याचे एक उदाहरण विलक्षण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या 'कोलंबिया' यानाबरोबर गेले, त्याच्या अवशेषांत एक होरपळलेली डिस्क सापडली. झेनॉन वायूवरील प्रयोगाची माहिती तिच्यावर होती. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. माणसे परत आली नाहीत. त्यांचे काम परत आले.

जिथे उपाय चालत नाही

परंतु वाचकहो, यावर विसंबून राहू नका. नव्या संगणकांतील 'एसएसडी' डिस्कची तऱ्हा निराळी आहे. जागा मोकळी झाल्याचे 'ट्रिम' या आज्ञेने तिला कळते, आणि मग ती जुना मजकूर स्वतःच झाडून टाकते. तिथे बहुधा काही उरत नाही. फिरत्या चकत्यांची डिस्क कटकट असा आवाज करू लागली, तर ती तत्काळ बंद करावी आणि घरी उघडू नये. आतले वाचनमुख चकतीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगते. धुळीचा एक कण पुरे! संगणकाने "डिस्क फॉरमॅट करू का?" असे विचारले, तर उत्तर 'नाही' हेच द्यावे. आणि सोडवलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही उतरवू नयेत.

आमच्या बावीस ओव्यांपैकी एकोणीस परत मिळाल्या. उरलेल्या तिघींच्या जागेवर ते दोन चित्रपट जाऊन बसले होते. त्यांतल्या दोन ओव्या मिरजेच्या ताईला पाठ होत्या. तिने त्या म्हटल्या, आम्ही मुद्रित करून घेतल्या. पण तो आवाज ताईचा. तिसरी कुणालाच आठवत नाही.

आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत: एक संगणकावर, एक कपाटातल्या सुट्या डिस्कवर आणि एक ताईकडे मिरजेला. यंदा साफसफाईला पुतण्या पुन्हा आला होता. संगणकाला हात लावण्याआधी त्याने स्वतःच विचारले, "काका, प्रत घेतली आहे ना?"

वाचकहो, फराळ झाला की तेवढे काम आपणही उरकून घ्या.