अंगाने बारीक म्हणून परत पाठवलेली पोरे

घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खोंड कसा पारखतात ते सांगायला नको. घेणारा आधी लांबून चाल बघतो, मग दात बघतो, खांद्यावर थाप मारतो, खूर उचलून पाहतो आणि शेवटी रुमालाखाली बोटे दाबून भाव करतो. एवढे करूनही फसगत होतेच. बरगड्या दिसतात म्हणून चौघांनी सोडलेले वासरू एखादा अडलेला शेतकरी पडत्या भावात घरी नेतो, दोन वर्षे पेंड-कडबा घालतो आणि पुढे तेच जनावर पोळ्याच्या मिरवणुकीत मानाने पुढे चालते. ज्यांनी ते सोडले होते, ते वेशीत उभे राहून बघत असतात.

माणसाच्या पोराची पारख याहून अवघड आहे. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेली असेल. उंची मोजली, वजन केले, पळवले, उडी मारायला लावली आणि ‘अंगाने बारीक आहे’ म्हणून परत पाठवले असेल. पोर दोन दिवस नीट जेवले नसेल. बापाने एस.टी.चे भाडे आणि बुटांचे पैसे मनात मोजले असतील आणि म्हटले असेल, चला, हे खूळ एकदाचे संपले. त्या घरांसाठी हा लेख आहे. ते खूळ लगेच संपवू नका.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी दादासाहेब जाधव यांच्या घरी खाशाबा जन्मला. पाच भावांत हा धाकटा. वडील स्वतः मल्ल, तेव्हा पोराच्या अंगाला लाल माती लहानपणीच लागली. पण अंग काही भरले नाही. उंची बेताची, हाडे बारीक. कराडच्या टिळक हायस्कूलमधून तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथल्या तालमीतून बाहेर पडणारे मल्ल पाहिले की दाराची चौकट लहान वाटावी. कॉलेजच्या वार्षिक खेळांत कुस्तीला नाव द्यायला खाशाबा गेला, तर क्रीडाशिक्षकांनी त्याला वरून खाली न्याहाळले आणि नाव घेतले नाही. पोराचे कुठे हाड मोडले तर निस्तरायचे कोणी, असा विचार त्यांनी केला असावा, आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. खाशाबा थेट प्रिन्सिपॉलांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली, आणि या बारक्या पोराने आपल्याहून थोराड गड्यांना अस्मान दाखवले. ढाक हा त्याचा हुकमी डाव होता. अंगावर आलेल्याची मान काखेत धरून त्याला भुईवर आणण्याची त्याची चपळाई काट्यावरच्या वजनात कशी दिसणार?

१९४८ साली लंडनचे ऑलिंपिक झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला म्हणून खाशाबा तिथे पोहोचला. जन्मभर मातीत लढलेला गडी तिथे पहिल्यांदाच गादीवर उतरला. गादीचे नियम निराळे, पकडी निराळ्या. तरीही सर्वांत हलक्या गटात तो सहावा आला.

चार वर्षांनी फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पुन्हा दार बंद. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. निवड झाली, तर आता पैसा नाही. गोळेश्वरच्या लोकांनी घरोघरून वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! आपल्यापैकी किती जण दुसऱ्याच्या पोरासाठी घराचे कागद सावकाराच्या हाती देतील?

हेलसिंकीत खाशाबा सत्तावन्न किलोच्या गटात लढले. कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल त्यांनी चीत केला. पुढे जपानच्या इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता, पण ती न मिळताच त्यांना रशियाच्या गड्यापुढे उभे केले गेले. त्यांच्या बाजूने भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतातल्या खेळाडूने एकट्याच्या बळावर आणलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणले.

परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात पायी जाता येईल एवढ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ साली अपघातात गेले. सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो २००० सालचा, म्हणजे मरणानंतर.

कॉलेजात एक नकार, निवडीत दुसरा आणि पैशासाठी तिसरा. प्रत्येक वेळी कोणीतरी पुन्हा एकदा नजर टाकली म्हणून खाशाबा पुढे गेले. एकदा प्रिन्सिपॉल, एकदा पतियाळाचे महाराज, एकदा खर्डीकर. आणि दुसऱ्यांदा बघा असे सांगायला दर वेळी खाशाबा स्वतः गेले, हेही विसरू नका.

आता पारखणारे चुकतात कुठे ते पाहू. शेतातलेच उदाहरण घ्या. मृगात पेरलेली बाजरी आणि महिन्याने, पुनर्वसूत पेरलेली बाजरी एकाच दिवशी शेजारी शेजारी पाहिली, तर मागासची बाजरी खुजी दिसणारच. म्हणून कोणी ते बियाणे वाईट ठरवत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच ठरवतो. समजा, बारा वर्षांखालील संघासाठी १ जानेवारी ही तारीख धरली. मग जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात. दोघांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर, आणि त्या वयात वर्ष म्हणजे चार बोटे उंची. कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. रॉजर बार्न्सली नावाच्या अभ्यासकाने १९८५ च्या सुमारास तिथल्या संघांतील मुलांच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले फार आणि शेवटच्या तीन महिन्यांतली थोडी निघाली. पुढे फुटबॉलमध्येही असेच दिसून आले.

त्यात आणखी एक भर. मुलगे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी आणि मुली अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, पण ही वाढ कोणाची दोन वर्षे आधी तर कोणाची दोन वर्षे नंतर होते. तेराव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटले त्याची निवड होते. ज्याचे पंधराव्या वर्षी फुटणार तो घरी जातो. आपल्याकडे तर निराळीच गंमत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहून टाकलेली!

युरोपातल्या फुटबॉलच्या क्लबांत ही पारख आठव्या-नवव्या वर्षीच सुरू होते. हे क्लब श्रीमंत असतात. ते लहान पोरे गोळा करतात, शिकवतात आणि दर वर्षी चाळण मारून बरीचशी परत पाठवतात. हॅरी केन नावाच्या इंग्रज पोराला आर्सेनल क्लबाने असेच लहानपणी सोडून दिले. तो शेजारच्या टॉटनहॅम क्लबात वाढला आणि २०२३ साली इंग्लंडसाठी सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू ठरला. फ्रान्सच्या ग्रीझमनला उंची कमी म्हणून त्याच्याच देशातल्या क्लबांनी घेतले नाही. स्पेनमधल्या क्लबाने त्याला नेले, आणि २०१८ मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला तेव्हा तो संघात होता. जेमी वार्डीला सोळाव्या वर्षाच्या सुमारास शेफिल्डच्या क्लबाने काढले. त्याने कारखान्यात काम केले आणि बारक्या क्लबांतून खेळत राहिला. तो ज्यात होता त्या लेस्टर संघाने २०१६ मध्ये इंग्लंडची सर्वांत मोठी साखळी स्पर्धा जिंकली, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

इतक्या लांब जायचे नसेल तर आपल्याच जिल्ह्यात या. नेवाशाला लागूनच्या श्रीरामपूरचा जहीर खान सतराव्या वर्षी वडिलांबरोबर मुंबईला गेला. नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरले. पण मुंबईच्या रणजी संघात त्याला जागा काही मिळाली नाही. तो बडोद्याकडून खेळू लागला आणि २०००-०१ च्या मोसमात बडोद्याने रणजी करंडक जिंकला, त्यात त्याच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. कसोटीत त्याने ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात २१. मजा अशी की २००६-०७ मध्ये तो मुंबईकडून खेळला आणि त्या वर्षी करंडक मुंबईने नेला.

त्याची गोलंदाजी घासूनपुसून निघाली ती मद्रासच्या एम.आर.एफ. फाउंडेशनमध्ये. त्याच ठिकाणी १९८७ मध्ये चौदा वर्षांचा एक मुंबईकर पोरगा वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली यांनी त्याला पाहिले आणि सांगितले, तू फलंदाजीकडेच लक्ष दे. तो सचिन तेंडुलकर. इथे नकार देणाऱ्याचे मुळीच चुकले नव्हते. तेव्हा पंचांनी नकार दिला की लगेच वशिलेबाजीचा आरोप करू नका. कशासाठी नाकारले ते आधी नीट विचारा. पोर धावण्यात कमी पडले असेल, पण त्याची नजर नेमबाजीची असेल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे सरकारी क्रीडाप्रबोधिनीतूनच वर आला आणि २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर महाराष्ट्राला असे पदक बहात्तर वर्षांनी मिळाले.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नाकारलेल्या हजारांत एखादाच केन होतो, आणि आपल्या कानावर फक्त त्याचीच गोष्ट येते. बाकीचे कुठे कामाला लागले ते कोणी लिहीत नाही. म्हणून शेत विकून पोराला कुठल्या अकादमीत घालू नका. ‘एवढे पैसे द्या, संघात घालतो’ म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. शाळा बंद करू नका. गावच्या तालमीत, शाळेच्या मैदानावर, जत्रेच्या फडात खेळणे मात्र चालू ठेवा. विहिरीत पोहू द्या. दूध, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी आणि पोटभर झोप द्या. बारा-तेरा वर्षांच्या पोराला थोरल्याच्या वजनाचे जोर-बैठका आणि ओझी लावू नका. दर पाडव्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा, म्हणजे वाढ कधी सुरू झाली ते कळेल. वाढ सुरू झाली की पुन्हा चाचणीला न्या. मुलगी असेल तर तिलाही न्या.

आणि ग्रामपंचायतीतून जन्माचा खरा दाखला काढून ठेवा. वय चोरून लहान गटात घुसवण्याच्या फंदात पडू नका. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. दाखल्यावरची तारीख आणि शाळेच्या दप्तरातली तारीख जुळत नसेल, तर चाचणीच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा या सुट्टीतच मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्तीचा अर्ज द्या.