अर्धे आकाश

सदलग्यास दूधगंगेच्या काठी रात्री उभे राहिले, तर अर्धेच आकाश दिसते. उरलेले अर्धे पायांखाली दडलेले असते. हीच अडचण १७ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रहास भोवली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी त्या दिवशी पृथ्वीवर पोचल्या, आणि पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणांचा झोतही आला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडतात ती अशा टकरींत. एरवी शेकडो गॅमा स्फोट टिपणाऱ्या आपल्या उपग्रहाच्या आड नेमकी तेव्हाच पृथ्वी आली होती!

हे किरण वातावरणात अडतात, म्हणून त्यांच्यावरील पहारा अंतराळातूनच करावा लागतो. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने आखलेल्या 'दक्ष' मोहिमेत यासाठीच पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंस दोन उपग्रह ठेवण्याची योजना आहे. शिवाराच्या दोन टोकांस दोन राखणदार असावेत, तसे.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया वेधशाळेस २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. २,६०० कोटी रुपयांच्या अंतिम मंजुरीस मात्र २०२३ उजाडले. 'दक्ष'च्या वाट्यास अशी प्रतीक्षा येऊ नये. आणि काटकसरीपोटी दोहोंपैकी एक उपग्रह गाळावा, अशी सूचना उद्या कोणी केलीच, तर ती तत्काळ फेटाळावी, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते.