घराआधी बाग

विरारहून आगाशीकडे जाताना इमारतींची दाटी विरळ झाली की रस्त्याच्या कडेला वाड्या दिसू लागतात. नारळ, केळी, पानवेली, मधूनच मोगरा आणि चाफा. वसईच्या या वाड्यांना कुणी उद्यान म्हणत नाही. परंतु इंग्लंडमधील एका चळवळीने ज्या बागेचे स्वप्न पाहिले, तिच्याशी त्यांचे जवळचे नाते आहे.

यंत्राने घडवलेल्या एकसारख्या वस्तूंना विटून विल्यम मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हातच्या कारागिरीचा पुरस्कार केला. तीच ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळ. मॉरिस यांनी १८५९-६० मध्ये लंडनजवळ बांधून घेतलेले ‘रेड हाउस’ एका फळबागेत उभे राहिले. वास्तुकार फिलिप वेब यांनी घराची जागा अशी निवडली की, शक्य तितकी कमी झाडे तोडावी लागावीत. पुढे गर्ट्रूड जेकिल आणि एडविन लट्यन्स यांनी स्थानिक दगड-विटा वापरून घर व बाग यांची आखणी एकत्र केली.

वसईच्या वाडीत हे कोणत्याही ग्रंथाविना साधले. सावली कुठे हवी, पाण्याचा पाट कोणत्या बाजूने न्यावा, हे उपयोगावरून ठरले आणि त्या उपयोगातूनच शोभा आली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी हा हातच्या कौशल्याचाच नमुना. या साऱ्याचा प्राण म्हणजे बावखल, अर्थात वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यात साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते, विहिरींची पातळी राखते आणि समुद्राचे खारे पाणी रोखण्यास साहाय्य करते.

गेल्या काही दशकांत बांधकामांसाठी अनेक बावखले बुजवली गेली आणि अतिउपशाने कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. वसईत बंगल्यासाठी जागा घेतल्यावर अनेकदा पहिला खर्च जमीन सपाट करण्यावर होतो. मग विकतची माती, हिरवळ आणि तिच्यासाठी पाण्याचा टँकर. हिशेबाच्या भाषेत, हे मुद्दल मोडून वर कर्ज काढणे होय. विहीर, बावखल आणि जुनी झाडे हे जागेचे मुद्दल. सावली, फुले व फळे हे त्याचे व्याज. नकाशा काढणाऱ्याला आधी या तीन गोष्टी दाखवाव्यात आणि घराची जागा त्यानंतर ठरवावी. मॉरिस यांच्या वास्तुकाराने तेच केले होते.