वाढदिवस बेळ्ळंदूरच्या घरात, गोष्ट भोपळ्यातल्या म्हातारीची

बंगळुरू : बाह्य वर्तुळाकार मार्गालगतच्या बेळ्ळंदूर भागातील गृहसंकुलांत नोकरीनिमित्त आलेली मराठी, बंगाली, तेलुगू आणि हिंदी भाषक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. येथील मराठी मुलाच्या वाढदिवसाला जमणाऱ्या बालपाहुण्यांत मराठी समजणारी मोजकीच असतात. घरच्या घरी एखाद्या गोष्टीवर आधारित वाढदिवस साजरा करू पाहणाऱ्या पालकांपुढे म्हणूनच सजावटीच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. आजीची गोष्ट या सर्वांना कळणार कशी?

अशा समारंभात अनेकदा भिंतीवर प्रसिद्ध पात्रांचे फलक लागतात, केकवर तेच चित्र येते आणि गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. क्रम उलटा केल्यास खर्च कमी होतो आणि कामही सोपे होते. गोष्ट आधी ठरली की खाऊ, खेळ आणि सजावट तिच्यातूनच सुचतात.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट यासाठी विशेष सोयीची आहे. ती केवळ मराठी नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० मधील ‘टुनटुनिर बोई’ या बंगाली संग्रहात तिचीच बहीण शोभावी अशी कुबडी म्हातारी दुधी भोपळ्यात बसून येते. इराणमध्येही घरंगळत्या भोपळ्यातील आजीबाई परिचित आहेत. त्यामुळे शेजारच्या बंगाली मुलाला ही गोष्ट परकी वाटत नाही. उलट, भोपळा लाल की दुधी यावर वाद घालण्याची संधी त्याला मिळते.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधीपासून ही गोष्ट घरातील मुलाला रोज सांगावी, म्हणजे त्या दिवशी यजमान म्हणून ते मध्येच पुढचे सांगू शकते. आजीने मराठीतून हावभावांसह सांगावे आणि एखाद्या मोठ्या मुलाने अधूनमधून इंग्रजीत अर्थ सांगावा. पालुपद मात्र सर्वांनी मराठीतच म्हणावे. लहान मुले अनोळखी शब्द तालावर चटकन उचलतात. कोल्हा आणि वाघ यांना तीन-चार वर्षांची काही मुले घाबरतात. गुरगुरण्याचे काम सर्वांकडे सोपवले की ती भीती निवळते. दहा-बारा मिनिटांहून अधिक लांबण लावू नये.

भोपळ्यासाठी धुलाई यंत्राचे रिकामे खोके आणि नारिंगी कागद पुरतो. मुलांनी पाळीपाळीने आत बसावे, बाहेरच्यांनी वाट अडवावी. खाऊला लाल भोपळ्याचे घारगे असावेत. कन्नडमध्ये कुंबळकाई, हिंदीत कद्दू, अशी नावे मुलांनीच एका कागदावर चितारावीत.

छापील पुस्तक हवे असल्यास बंगळुरूमध्येच २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. २०१५ पासून तेथे खुल्या परवान्याची चित्रपुस्तके अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. श्रेयनामे कायम ठेवून ती छापता येतात आणि भाषांतरितही करता येतात. एकच गोष्ट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत छापून परतभेट म्हणून दिल्यास प्रत्येक मुलाच्या हाती त्याची भाषा पडते.

सजावटीबाबत एक नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल तसेच प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. सांडपाण्याच्या फेसामुळे आणि २०१७ मधील आगीमुळे देशभर चर्चेत आलेल्या तलावाकाठी राहणाऱ्यांना त्यामागचे कारण समजावून सांगण्याची गरज नसावी. फुगे टाळण्यास आणखी एक कारण आहे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तसा इशारा छापणे बंधनकारक आहे.

उरलेल्या भोपळ्याची दुसऱ्या दिवशी भाजी होते. खोके मात्र मुले आठवडाभर तरी टाकू देत नाहीत.